महारोहिणीचा फुगा : तीस दिवसांचा हिशेब आणि पंधरा वर्षांचा



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो माझ्या पेशांतला नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभें आयुष्य प्राथमिक शाळेंत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेलें. वैद्यकांत माझा अधिकार नाहीं हें प्रारंभींच कबूल करून टाकतों. परंतु २०१७ सालीं आमच्या घरावर असा एक प्रसंग आला कीं, एका रोगावरील दोन उपायांपैकीं कोणता पत्करावा याचा निर्णय आम्हां घरच्या माणसांना थोड्या दिवसांत करावयाचा होता. तो आम्हीं केला. तो करतांना डॉक्टरांना एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो मीं विचारला नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर मला मागाहून, वाचून आणि सोसून मिळालें, आणि तेंच आज आपणांसमोर ठेवीत आहें.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतों, त्या वेळीं एकुणसत्तर वर्षांचे होते. आमचें करावे गांव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाम बीच मार्गावरून जातां-येतां दुरून पाहिलें असेल. आज त्याच्या भोंवतीं उंच इमारतींचा वेढा आहे. सिडको १९७० सालीं स्थापन झाली त्यापूर्वीं येथें खाडी होती, भाताचीं खाचरें होतीं आणि खाऱ्या पाण्याला अडविणारे मातीचे बांध होते. दादांनीं तरुणपणीं खाडींत जाळें टाकलें, बांधावर माती ओढली, नंतर एका कारखान्यांत नोकरी करून ते निवृत्त झाले. प्रकृति दणकट. बिडी मात्र पन्नास वर्षें अखंड. रात्रीं लघवीला वारंवार उठावें लागतें म्हणून त्यांची पोटाची सोनोग्राफी केली, तेव्हां तपासणारे डॉक्टर मध्येंच थबकले आणि बेंबीच्या आसपास यंत्र पुनःपुन्हा फिरवूं लागले. अहवालांत लिहून आलें तें असें : उदरांतील महारोहिणीचा विस्फार, व्यास ५.८ सेंटिमीटर. डॉक्टर लोक त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. आमच्या वहिनींनीं त्याला ‘फुगा’ म्हटलें, आणि घरांत तोच शब्द रूढ झाला.

महारोहिणी ही शरीरांतील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. हृदयाच्या डाव्या कप्प्यांतून ती निघते, छातींत कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्याच्या पुढून खालीं उतरते, वाटेंत आंतड्यांना आणि दोन्ही मूत्रपिंडांना शाखा देते आणि बेंबीच्या पातळीवर दुभंगून दोन पायांकडे जाते. पोटांतील तिचा व्यास सामान्यतः दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो तीन किंवा त्याहून अधिक झाला म्हणजे विस्फार झाला असें मानतात. वाढतें वय, पुरुषत्व, रक्ताचा वाढलेला दाब, घराण्यांत कोणास तो रोग असणें, आणि या सर्वांहून अधिक धूम्रपान, हीं त्याचीं प्रमुख कारणें. नळीच्या भिंतींतले लवचिक तंतू झिजतात, भिंत ढिली पडते आणि रक्ताच्या प्रत्येक ठोक्यानें जरा जरा बाहेर ढकलली जाते.

आमच्याकडील जुन्या माणसांस हें समजावणें सोपें गेलें. खाडीचा बांध एका जागीं पोकळ झाला कीं, भरतीच्या पाण्यानें तो तेथें बाहेर झुकूं लागतो. जितका झुकतो तितका त्याच्यावरचा भार वाढतो, आणि शेवटीं एखाद्या उधाणाच्या रात्रीं तेथेंच खांड पडते. रक्तवाहिनीचें गणितही असेंच आहे. लाप्लास नांवाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमानुसार आंतला दाब तोच राहिला तरी नळी जितकी रुंद तितका तिच्या भिंतीवरचा ताण अधिक. म्हणजे फुगा वाढतो म्हणून ताण वाढतो, आणि ताण वाढतो म्हणून फुगा वाढतो.

या रोगाचें सर्वांत वाईट लक्षण म्हणजे लक्षण नसणें. दादांना कांहींएक दुखत नव्हतें. पुष्कळांना प्रथम दुखतें तें फुगा फुटावयास आल्यावरच, आणि फुटल्यानंतर दहांपैकीं सुमारें आठ माणसें दगावतात. त्यांतील बरींचशीं रुग्णालयापर्यंत पोंचतही नाहींत. माझ्या शाळेंतील एक सहकारी २००९ सालीं असेच गेले. सकाळीं कमरेंत आणि कुशींत कळ आली. एका दवाखान्यांत मुतखडा समजून वेदनाशामक सुई देऊन त्यांना घरीं पाठविण्यांत आलें, आणि दुपारीं ते घेरी येऊन पडले ते उठलेच नाहींत. साठी उलटलेल्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषाला आयुष्यांत प्रथमच ‘मुतखडा’ झाला असें वाटेल तेव्हां एक सोनोग्राफी करून घ्यावी, असें जाणते डॉक्टर सांगतात तें याचसाठीं. दादांचा अहवाल हातीं आला त्या रात्रीं मला त्या सहकाऱ्याचा चेहरा दिसत राहिला.

तथापि, फुगा सांपडला कीं लगेच कापाकापी करावी असेंही नाहीं. ही गोष्ट मला नवी होती. इंग्लंड-स्कॉटलंडमध्यें १०९० रुग्णांवर याची नीट परीक्षा झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांचा विस्फार चार ते साडेपांच सेंटिमीटर होता अशांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एकावर लगेच शस्त्रक्रिया केली, दुसऱ्यावर नुसतें सोनोग्राफीनें लक्ष ठेवलें. कांहीं वर्षांनीं पाहिलें तों दोन्ही गटांत जगलेल्यांचें प्रमाण सारखेंच. लवकर शस्त्रक्रिया करणाऱ्यांना लाभ कांहीं झाला नाहीं, उलट शस्त्रक्रियेनंतर महिनाभरांत शंभरांपैकीं सुमारें सहा दगावले. तेव्हांपासून पुरुषांत साडेपांच सेंटिमीटर आणि स्त्रियांत सुमारें पांच, ही शस्त्रक्रियेची वेस मानली जाते. त्याच्या आंत असेल तर बिडी सोडावी, रक्तदाब आटोक्यांत ठेवावा आणि ठरल्या वेळीं माप घ्यावें. फुगा झपाट्यानें वाढूं लागला किंवा दुखूं लागला तर मात्र वेसेची वाट पाहत नाहींत. दादांचा फुगा ५.८ म्हणजे वेस ओलांडून गेलेला.

आतां उपाय दोन. पहिला जुना, पोट उघडून करावयाचा.

तो जुना म्हणावा तरी किती जुना ? आल्बर्ट आइन्स्टाइन यांना हाच रोग होता. डिसेंबर १९४८ मध्यें न्यूयॉर्क येथें डॉ. रुडॉल्फ निस्सेन यांनीं त्यांचें पोट उघडलें, परंतु फुगा काढून टाकण्याची विद्या त्या वेळीं कोणापाशींच नव्हती. त्यांनीं त्याच्या भोंवतीं सेलोफेन गुंडाळलें, तेंच पारदर्शक वेष्टन ज्यांत आपण वड्या-मिठाया बांधतों. त्यामुळें भोंवतालचे तंतू चिडून घट्ट होतील आणि भिंतीला आधार मिळेल अशी कल्पना. या आधारावर ते सहा वर्षांहून अधिक जगले; एप्रिल १९५५ मध्यें फुगा फुटला तेव्हां त्यांनीं पुन्हा शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला आणि १८ तारखेस त्यांचें देहावसान झालें. दरम्यान १९५१ च्या मार्चमध्यें पॅरिस येथें शार्ल द्युबो यांनीं फुगलेला भाग कापून त्या जागीं मृत माणसाची रोहिणी शिवून दाखविली होती. परंतु प्रत्येक वेळीं मृताची रोहिणी आणावयाची कोठून ? अमेरिकेंतील मायकेल डिबेकी यांनीं डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवून पाहिल्या, आणि त्याच कल्पनेंतून आजच्या कृत्रिम नळ्या तयार झाल्या. शिवण ही विद्या त्यांना लहानपणीं आईनें शिकविली होती. आमच्या शाळेंत शिवणाचा तास मुलग्यांना नको म्हणून भांडणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट आवर्जून सांगत असें.

आजही उघडी शस्त्रक्रिया तत्त्वतः तीच आहे. छातीच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडतात, फुग्याच्या वर महारोहिणीला चिमटा लावून रक्त थांबवितात, फुगा चिरून त्याच्या आंत कापडी नळी दोन्ही टोकांस शिवून टाकतात. चिमटा लावल्याबरोबर हृदयावर एकदम भार पडतो, काढल्याबरोबर रक्तदाब खालीं येतो, मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो. अतिदक्षता विभागांत कांहीं दिवस, रुग्णालयांत आठ-दहा दिवस, आणि पूर्ववत् चालूं-फिरूं लागण्यास दोन-तीन महिने. मागाहून चिरेच्या जागीं अंतर्गळ होऊं शकतो. परंतु एकदां हें पार पडलें कीं शिवलेली नळी सहसा जागची हलत नाहीं.

दुसरा उपाय कॅथेटरचा. त्याची कल्पना समजण्यास सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानांत जावें. टायर एका जागीं फाटला कीं ट्यूब तेथून फुग्यासारखी बाहेर डोकावते. नवा टायर घेणें परवडत नसेल तर दुकानदार टायरच्या आंत एक जाड तुकडा बसवून देतो. त्याला तो ‘गेटर’ म्हणतो. हवेचा भार मग फाटलेल्या जागेवर न पडतां गेटरवर पडतो. त्याचप्रमाणें, जांघेंतील रोहिणींतून एक बारीक गुंडाळी वर सरकवितात. ती धातूच्या जाळीवर कापड चढविलेली नळी असते, तिला स्टेंट ग्राफ्ट म्हणतात. क्ष-किरणांत पाहत पाहत ती योग्य जागीं आणली म्हणजे उघडतात, आणि ती वरच्या व खालच्या निरोगी भागाला आंतून घट्ट धरून बसते. फुगा जागच्या जागीं राहतो, परंतु रक्त त्याला न शिवतां नळींतून जातें. पोट उघडावें लागत नाहीं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं माणूस घरीं.

या युक्तीचें श्रेय बहुधा अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांना देतात. त्यांनीं ७ सप्टेंबर १९९० रोजीं ब्वेनोस आयरेस येथें पोटांतील फुग्यावर ती प्रथम केली. पण तत्पूर्वीं, १९८७ सालीं, युक्रेनमधील खारकीव्ह येथें निकोलाय व्होलोदोस यांनीं छातींतील महारोहिणींत अशीच नळी घातली होती. तें त्या काळच्या सोव्हिएत राज्यांत आणि त्यांच्या भाषेंत घडल्यामुळें जगाला फार उशिरा कळलें. भाषेच्या भिंतीआड राहिलेल्या माणसाविषयीं मला नेहमींच आपुलकी वाटते.

आम्हांस भेटलेल्या शल्यविशारदांनीं दोन्ही मार्ग मोकळेपणानें सांगितले. दादांचें हृदय ठीक, फुप्फुसें बिडीनें थोडीं खराब, फुग्याची घडण दोन्ही उपायांस अनुकूल. खर्चाचा प्रश्न होताच. स्टेंट ग्राफ्ट हें उपकरण स्वतःच कांहीं लाखांच्या घरांत जातें. दादा मला म्हणाले, “तूं शिकलेला आहेस, तूं सांग काय तें.” मीं विचारलें तें एवढेंच, “डॉक्टरसाहेब, जिवाला धोका कशांत कमी ?” त्यांनीं खरें तेंच उत्तर दिलें : तूर्त, कॅथेटरच्या उपायांत. मी दादांना म्हणालों, “दादा, दोन लहान भोकें घेऊं या. चार दिवसांत घरीं येशील.” आणि तसेंच झालें. पांचव्या दिवशीं ते ओसरीवर बसून भाकरी खात होते. गांव पाहावयास लोटलें. मी मनांत फुशारलों.

‘तूर्त’ या शब्दापुढें काय, हा तो न विचारलेला प्रश्न.

त्याचें उत्तर डॉक्टरांनीं आकड्यांत मांडून ठेवलेलें आहे. इंग्लंडमध्यें १९९९ पासून एक मोठी परीक्षा झाली. तिचें नांव ईव्हार-एक. साठ वर्षांवरील, साडेपांच सेंटिमीटर किंवा अधिक फुगा असलेले, दोन्ही उपाय सोसतील असे हजारांवर रुग्ण चिठ्ठी टाकून दोन गटांत वांटले. २००४ सालीं पहिला निकाल आला : तीस दिवसांच्या आंत उघड्या शस्त्रक्रियेनें शंभरांत ४.७ दगावले, कॅथेटरच्या उपायानें १.७. हॉलंडमधील ड्रीम नांवाच्या ३५१ रुग्णांच्या परीक्षेंतही तसेंच, ४.६ आणि १.२. वर्तमानपत्रें वाचणाऱ्या कोणालाही वाटेल कीं वाद संपला. मलाही तसेंच वाटलें असतें.

परंतु या मंडळींची शिस्त अशी कीं, त्यांनीं रुग्ण सोडले नाहींत. वर्षामागून वर्ष मोजीत राहिले. हॉलंडच्या परीक्षेंत दोन वर्षांतच दोन्ही गटांतील जिवंत माणसांचें प्रमाण सारखें झालें. इंग्लंडच्या परीक्षेंत आरंभीचा लाभ कांहीं वर्षांत पुसला गेला. पंधरा वर्षांपर्यंतचा हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां दिसलें कीं आठ वर्षांनंतर पारडें फिरलें आहे. त्या काळांत कॅथेटरचा उपाय केलेल्यांत अधिक मृत्यु झाले, आणि त्यांतील १३ जणांचा तोच जुना, ‘बरा केलेला’ फुगा पुन्हा फुटला होता. उघड्या शस्त्रक्रियेच्या गटांत असे दोनच. हॉलंडमध्यें बारा वर्षांत कॅथेटरवाल्यांपैकीं शंभरांत सुमारें अडतीस जणांस पुन्हा कांहीं ना कांहीं दुरुस्ती करून घ्यावी लागली; उघड्या शस्त्रक्रियेनंतर सुमारें एकवीस जणांस. अमेरिकेंतील ८८१ निवृत्त सैनिकांच्या परीक्षेंत, ज्याचा दीर्घ हिशेब २०१९ सालीं आला, मृत्यूंचें प्रमाण शेवटपर्यंत दोन्हीकडे जवळजवळ सारखें राहिलें. दुरुस्त्या मात्र तेथेंही कॅथेटरच्या बाजूस अधिक.

असें कां व्हावें ? शिवलेली नळी आणि आंतून दाबून बसविलेली नळी यांत फरक आहे. वर्षें जातात तसा महारोहिणीचा निरोगी भागही थोडा रुंदावतो, नळी जराशी सरकते, आणि तिच्या कडेनें रक्त फुग्यांत पुन्हा शिरतें. कधीं फुग्यांत उघडणाऱ्या बारीक शाखांतून रक्त उलट येतें. याला एंडोलीक, म्हणजे आंतली गळती, म्हणतात. हिचेंही लक्षण म्हणून कांहीं नसतें. म्हणूनच कॅथेटरच्या उपायाबरोबर एक अट जन्मभर चिकटून येते : ठरल्या वेळीं सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून गळती आहे कीं काय आणि फुगा आकसतो आहे कीं वाढतो आहे हें पाहणें.

एक गोष्ट न्यायाच्या दृष्टीनें सांगितली पाहिजे. या परीक्षांतील नळ्या पंचवीस वर्षांपूर्वींच्या, आणि आतांच्या त्याहून सुधारलेल्या आहेत. परंतु आतांच्या नळ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब पंधरा वर्षांनींच मिळणार. शिवाय त्या परीक्षांत बहुतेक पुरुषच होते, तेही पाश्चात्य. आपल्याकडील कित्येकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, कमरेंतील रोहिण्या अरुंद असतात आणि गुंडाळी वर नेणें अवघड होतें.

दादा पहिलीं दोन वर्षें तपासणीस गेले. फुगा होता तेवढाच राहिला होता. मग २०२० साल उजाडलें, टाळेबंदी आली, रुग्णालय या शब्दाचीच धास्ती बसली. तें वर्ष चुकलें तें सकारण चुकलें. पुढचीं दोन मात्र निव्वळ आळसानें. दादा म्हणत, “मला काय झालें आहे ? मी रोज तलावाला दोन फेऱ्या मारतों.” आणि मी, ज्यानें मुलांचीं हजेरीपत्रकें चाळीस वर्षें बिनचूक ठेवलीं, तो या एका हजेरीकडे पाहिना. रुग्णालयांतून घरीं सोडतांना दिलेल्या कागदावर ‘दरवर्षीं तपासणी, आजन्म’ असें स्पष्ट लिहिलेलें होतें. तो कागद मींच नीट घडी करून कपाटांत ठेवला होता. यांत दोष कोणत्याही डॉक्टरचा नाहीं.

२०२३ च्या फेब्रुवारींत वहिनींनीं हट्ट धरला म्हणून दादा गेले. फुगा ६.७ सेंटिमीटर. डाव्या बाजूची नळी खालच्या टोकास सुटून थोडी वर सरकली होती आणि तेथून रक्त आंत शिरत होतें. डॉक्टरांनीं पडद्यावर ती पांढरी रेघ दाखविली तेव्हां माझ्या पायांतलें बळ गेलें. दादांना मात्र कांहीं वाटलें नसावें, कारण त्यांना अजूनही कोठें दुखत नव्हतें. चार दिवसांनीं जांघेंतूनच आणखी एक तुकडा जोडून ती गळती बंद केली. नशीब असें कीं ती जोडतां आली. कांहींच्या बाबतींत आंतली नळी काढून पोट उघडण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं, आणि ती शस्त्रक्रिया पहिल्यानें केली असती त्याहून कितीतरी कठीण असते.

मग दादांसाठीं उघडी शस्त्रक्रियाच बरी होती काय ? मी हा प्रश्न स्वतःस पुष्कळदां विचारला, आणि खरें सांगावयाचें तर उत्तर सरळ नाहीं. एकुणसत्तराव्या वर्षीं, बिडीनें जळलेल्या फुप्फुसांनिशीं, तीस दिवसांचा धोका लहान नव्हता. तोच माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, निर्व्यसनी, पुढें वीस-पंचवीस वर्षें जगण्याची आशा असलेला असता, तर पोट उघडून एकदांचें शिवून घेणें अधिक शहाणपणाचें, असें पुष्कळ तज्ज्ञ सांगतात. पंच्याऐंशीच्या अशक्त माणसाला आठ वर्षांनंतर पारडें फिरतें याचें काय दुःख ? आणि जो माणूस तपासणीला येणारच नाहीं, ज्याचें गांव रुग्णालयापासून दूर, ज्याच्याजवळ दरवर्षीं स्कॅनचे पैसे नाहींत, त्याच्यासाठीं लहान भोकांचा मार्ग खरोखर लहान आहे काय, हें डॉक्टरांनीं आणि घरच्यांनीं मिळून पाहावयास हवें. माझी चूक मार्ग निवडण्यांत झाली नाहीं. एका मार्गाची अर्धीच किंमत विचारून मीं तो घेतला, तेथें झाली.

जे शस्त्रक्रिया सोसणारच नाहींत अशा दुर्बळांसाठीं कॅथेटरचा उपाय वरदान ठरेल असें सर्वांना वाटलें होतें. इंग्लंडमध्यें तीही परीक्षा झाली, ईव्हार-दोन. ३३८ रुग्ण; २००५ सालीं निकाल आला कीं, त्यांच्यांत महिनाभरांत शंभरांपैकीं नऊ दगावले आणि एकंदर आयुष्य वाढलें नाहीं. ते फुग्यानें न मेले तरी हृदयानें किंवा फुप्फुसांनीं गेले. कोणत्याही मुलाला बापाच्या बाबतींत ‘कांहीं न करणें’ हा सल्ला ऐकणें जड जातें, पण कधीं कधीं तोच प्रामाणिक सल्ला असतो. उलट, फुगा फुटून आलेल्यांत, जेथें घटकाभरांत निर्णय करावा लागतो, तेथें ६१३ रुग्णांच्या परीक्षेंत महिनाभरांतील मृत्यु दोन्ही मार्गांनीं सारखेच, शंभरांत पस्तीस ते सदतीस. परंतु तीन वर्षांनंतर कॅथेटरच्या बाजूस कांहीं अधिक माणसें जिवंत होतीं.

वर सांगितलेला रोग म्हातारपणाचा आणि धूम्रपानाचा. आपल्या देशांत महारोहिणीला तरुणपणीं ग्रासणारा आणखी एक रोग आहे, आणि त्याच्या अभ्यासाचें एक मोठें काम मुंबईंतच झालें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन, ज्यांनीं १९६८ च्या फेब्रुवारींत भारतांतील पहिलें हृदयरोपण केलें, आणि त्यांचे सहकारी डॉ. किनरे, डॉ. केळकर व डॉ. परुळकर यांनीं अशा १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. जपानी नेत्रवैद्य ताकायासु यांनीं १९०८ सालीं ज्याचें प्रथम वर्णन केलें तोच हा रोग. यांत महारोहिणीच्या भिंतीला सूज येऊन ती बहुधा अरुंद होते, पण कधीं फुगतेही, आणि रुग्ण पुष्कळदां विशी-तिशींतली स्त्री असते. अशा ठिकाणीं सूज औषधांनीं शमविल्याशिवाय चाकू किंवा नळी लावली तर जोड टिकत नाहीं. तरुण मुलीच्या दोन हातांच्या रक्तदाबांत मोठा फरक सांपडला किंवा मनगटावरची नाडी लागेना, तर तो अशक्तपणा समजून सोडून देऊं नये.

ज्या डिबेकींनीं नळ्या शिवल्या त्यांच्यावरच शेवटीं पाळी आली. २००५ च्या अखेरच्या दिवशीं, सत्त्याण्णवाव्या वर्षीं, त्यांच्या महारोहिणीच्या भिंतीचे पदर आंतून सुटले. हा विस्फाराचा सख्खा भाऊ म्हणावा असा रोग. त्यांनीं स्वतः शस्त्रक्रियेस प्रथम नकार दिला. पुढें ते बेशुद्धावस्थेस पोंचले तेव्हां, २००६ च्या फेब्रुवारींत, त्यांच्याच सहकाऱ्यांनीं ती केली; ते महिनोन्महिने रुग्णालयांत होते, पण बरे होऊन घरीं गेले आणि २००८ च्या जुलैंत, शंभरीला दोन महिने उणे असतां, वारले. ज्यानें हजारोंना ‘करून घ्या’ म्हटलें त्याला स्वतःसाठीं ‘नको’ म्हणावेंसें वाटलें, हें वाचून मला दादांच्या त्या ओसरीवरच्या दिवसांतली बेफिकिरी जरा अधिक समजली.

इंग्लंडमध्यें पासष्ट वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला सरकारतर्फें एकदां पोटाच्या सोनोग्राफीसाठीं बोलावतात. आपल्याकडे तशी राष्ट्रीय योजना नाहीं. म्हणून ज्यांनीं कधींकाळीं धूम्रपान केलें आहे अशा पासष्टीच्या पुरुषांनीं, आणि ज्यांच्या बापाला किंवा भावाला हा रोग झाला अशांनीं, आपण होऊन एकदां तपासून घेणें बरें. पांच-दहा मिनिटांचें काम, सुई नाहीं, वेदना नाहींत.

मीं स्वतः बिडी कधीं ओढली नाहीं, परंतु भाऊ हें नातें पुरेसें आहे असें डॉक्टर म्हणाले. माझें माप निघालें ३.४ सेंटिमीटर. मला तूर्त कांहीं करावयाचें नाहीं, फक्त वर्षाकांठीं मोजून यावयाचें. दादा आज सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांचा फुगा सहा सेंटिमीटरच्या खालीं आला आहे आणि गळती नाहीं. आम्ही दोघे आतां फेब्रुवारींत एकाच दिवशीं, एकाच रिक्षानें तपासणीस जातों. तो कपाटांतला कागद वहिनींनीं काढून घेतला असून तो सध्यां देव्हाऱ्याशेजारीं खिळ्याला टांगलेला आहे.